जुळ्यांपैकी एक बाळ गेल्यावर दुसऱ्याचे बारसे कसे करावे?

राजारामपुरीची आत्या
नमस्कार. विषय घरचा आणि नाजूक आहे, म्हणून आधी परिस्थिती सांगते. माझ्या धाकट्या भावाला जुळी झाली, एक मुलगा आणि एक मुलगी. आठवा महिना नुकताच लागला असताना वहिनीला कोल्हापुरात दाखल करावे लागले. मुलगा काही दिवस काचेच्या पेटीत होता आणि तिथेच गेला. मुलगी पुढे कित्येक आठवडे अतिदक्षता विभागात राहिली आणि आता वहिनीच्या माहेरी, गडहिंग्लजला आहे. दूध पिते आहे, वजन धरते आहे.

आता दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी बारशाचा विषय काढला आहे. नाव ठेवण्याचा मान आत्याचा, म्हणजे माझा. दोन्ही नावे डोहाळजेवणाच्या वेळीच आम्ही ठरवून ठेवली होती. माझ्या आईचे म्हणणे असे की बारसे थाटात करावे, त्याशिवाय घरावरचे मळभ जाणार नाही. वहिनी या विषयावर काहीच बोलत नाही आणि भाऊ "तुम्ही ठरवाल ते" एवढेच म्हणतो. बारसे करावे का, केले तर मुलाचेही नाव त्या दिवशी घ्यावे का, आणि त्याआधीचा प्रश्न म्हणजे या दोघांशी आम्ही बोलावे तरी कसे, हे मला समजत नाही. ज्यांच्या घरी असे घडले आहे त्यांनी लिहावे, ही विनंती.

कागलकर
थाट नको, पण बारसे टाळूही नका. मुलीचा त्यात काय दोष?

सुमती_क
आमच्या घरी हे घडले आहे, फक्त आमच्या दोन्ही मुली होत्या. आज एक नववीत आहे. थाटाच्या बारशाबद्दल मी स्पष्टपणे "नको" म्हणेन आणि त्याचे कारण सांगते, कारण ते पुरुष मंडळींच्या आणि बऱ्याच बायकांच्याही लक्षात येत नाही. आपल्याकडे बाळाला पाळण्यात घालण्याआधी वरवंट्याला टोपडे घालून तो पाळण्याच्या वरून-खालून फिरवतात आणि "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" म्हणतात. माझ्या बारशात जावेने कौतुकाने तो वरवंटा सजवला होता, आणि टोपडे नेमके दुसऱ्या मुलीसाठी आणलेल्या जोडीतले होते. कोणाच्याही मनात काही वाईट नव्हते. मी आत जाऊन दाराला कडी घातली, पंगत उठेपर्यंत बाहेर आले नाही, आणि "बाळंतिणीला दृष्ट लागली" असा निष्कर्ष काढून सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या.

त्यामुळे विधी कोणते ठेवायचे आणि कोणते गाळायचे, हे वहिनींना एकेक करून विचारा. "बारसे करू का?" असा सरसकट प्रश्न विचारला, तर त्या गप्पच राहतील. आणि दुसऱ्या बाळासाठी आणलेली झबली-टोपडी त्यांना न विचारता कोणाला देऊन टाकू नका. माझी बहिणीने चांगल्या हेतूने एका आश्रमाला दिली होती आणि मी पुढचे वर्षभर तिच्याशी धड बोलले नाही.

पेठकर
आमच्या शिवाजी पेठेतल्या माणसांना सांत्वन करता येत नाही, ती पांढऱ्या रश्श्याची किटली पाठवतात. विनोद म्हणून लिहीत नाही. माझ्या मावसभावाच्या घरी असाच प्रसंग झाला तेव्हा तालमीतली पोरे येऊन दोन-दोन तास नुसती बसायची. सगळ्यात जास्त आधार त्याला त्या मुक्या मंडळींचा झाला, असे तो आजही सांगतो. बोलणाऱ्यांनीच घात केला.

जुनाजाणता
मला हा सगळा विचार जरा अतिरेकी वाटतो. आमच्या आज्यांना आठ-आठ, दहा-दहा मुले होत आणि त्यांतली तीन-चार जात. त्या रडल्या, पदर खोचला आणि कामाला लागल्या. बारसे कसे करावे यावर तेव्हा कोणी चर्चा भरवली नाही. चार दिवसांच्या बाळाचे नाव, स्मरण वगैरे प्रकार बाहेरून आले आहेत. दुःख जितके कुरवाळाल तितके ते वाढते. उरलेल्या मुलीकडे पाहावे आणि पुढे जावे, असे माझे मत आहे.

कसबा बावडा
जुनाजाणता, आपल्या मताचा आदर आहे, पण आज्या विसरत असत हे गृहीत कोणी धरले? माझी आजी धाकट्या काकांना शेवटपर्यंत "माझा सातवा" म्हणत असे. हयात भावंडे पाचच होती. लहानपणी आम्हाला वाटायचे की आजीला मोजता येत नाही. काकांनाच एकदा विचारले, तेव्हा कळले की मोजण्यात चूक आमची होती. फरक एवढाच की तिला त्या दोघांविषयी कोणी काही विचारले नाही आणि तिने आपण होऊन सांगितले नाही.

पेठकर
तिला विचारायला घरात शांत कोपरा तरी होता का, हाही प्रश्नच आहे.

फौंड्रीवाला
मी बाप म्हणून लिहितो. गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यात कामाला आहे. आमची जुळी एकाच वारेवर होती आणि सहाव्या महिन्यात डॉक्टरांनी सांगितले की एका बाळाचे रक्त दुसऱ्याकडे जाते आहे. बरेच प्रयत्न झाले, तरी एक मुलगा जन्मानंतर काही तासांत गेला.

पत्नी शस्त्रक्रियेनंतर खाटेवर, दुसरा मुलगा पेटीत. त्यामुळे सगळ्या सह्या मी केल्या. बाळाला पंचगंगेच्या स्मशानात मीच नेले, सोबत सासरे आणि एक मित्र. कापडात गुंडाळलेले ते वजन हाताला किती लागले आणि किती नाही, हे मी कोणाला सांगू शकलो नाही. संध्याकाळी परत रुग्णालयात आलो, तेव्हा खाली पेढ्यांची चौकशी करणारे लोक भेटले, कारण त्यांना मुलगा झाल्याचे कळले होते आणि ते खोटेही नव्हते. त्यानंतर जो भेटे तो "वहिनींना सांभाळा" म्हणे. मीही तेच करत होतो. रजा संपली, कामावर गेलो. तिथे भट्टीच्या आवाजात कोणाला कोणाचे ऐकू येत नाही, आणि त्या काळात मला ते सोयीचे वाटले.

आत्याबाई, आपला भाऊ "तुम्ही ठरवाल ते" म्हणतो, याचा अर्थ त्याला काही वाटत नाही असा घेऊ नका. त्याला एकट्याला गाठा. समोरासमोर बसवून विचारू नका, तो उत्तर देणार नाही. रंकाळ्याला एक फेरी मारायला न्या. चालताना माणूस समोर पाहतो आणि बोलतो.

सुमती_क
हे वाचून यजमानांना वाचायला दिले. ते काही बोलले नाहीत, पण दोनदा वाचले.

बालरोगतज्ज्ञ_कोल्हापूर
फौंड्रीवाला यांनी लिहिलेल्या आजाराविषयी एक खुलासा करतो, म्हणजे इथे वाचणाऱ्या इतर मातांचा गैरसमज होणार नाही. एकाच वारेवर वाढणाऱ्या जुळ्यांच्या रक्तवाहिन्या वारेत एकमेकींना जोडलेल्या असतात. त्यांतून रक्ताची देवाणघेवाण असमान झाली, तर एका बाळाकडे रक्त कमी आणि दुसऱ्याकडे जास्त जाते. अशा गर्भारपणांपैकी साधारण १० ते १५ टक्क्यांत हे घडते. त्याचा आईने काय खाल्ले, ग्रहणात काय चिरले किंवा जिना किती वेळा चढला, याच्याशी काहीही संबंध नसतो.

मूळ धाग्यातली जुळी मुलगा आणि मुलगी अशी आहेत. अशी जुळी दोन वेगळ्या बीजांपासून होतात आणि प्रत्येकाची वार स्वतंत्र असते, त्यामुळे वरचा आजार त्यांना लागू होत नाही. त्यांच्या बाबतीत मुख्य अडचण वेळेआधी जन्माची दिसते. जुळ्यांपैकी निम्म्याहून अधिक बाळे ३७ आठवड्यांपूर्वीच जन्मतात. अशा बाळांमध्ये मुलींपेक्षा मुलांची फुप्फुसे मागे राहिलेली आढळतात आणि दगावण्याचे प्रमाणही मुलांमध्ये जास्त असते. हे मुद्दाम लिहिण्याचे कारण म्हणजे "मुलीने मुलाला खाल्ले" असे वाक्य मी आमच्या विभागाच्या दाराबाहेर स्वतःच्या कानांनी ऐकले आहे. मुलीने भावाचे काहीही घेतलेले नसते. हे कोणीतरी जाणत्या माणसाने घरात मोठ्याने सांगून टाकले पाहिजे, आणि तेही मुलगी ऐकण्याच्या वयाची होण्याच्या आत.

राजारामपुरीची आत्या
डॉक्टरसाहेब, मनःपूर्वक आभार. हे वाक्य आमच्याकडेही बोलले गेले आहे, जरा वेगळ्या शब्दांत. "मुलगा गेला आणि मुलगी राहिली" असे लांबच्या एका नातेवाईक बाई वहिनीसमोर म्हणाल्या आणि वर "एक तरी हाताला लागले" अशी पुस्तीही जोडली. त्या दिवसापासून वहिनी भेटायला येणाऱ्यांसमोर बाळाला बाहेर आणत नाही. मला वाटले होते की ती संसर्गाच्या भीतीने असे करते.

मीरा_समुपदेशन
मी मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करते. "एक तरी हाताला लागले" या वाक्याविषयी थोडे लिहिते, कारण जुळ्यांपैकी एक गेल्यावर जे दुःख होते त्याची अडचण नेमकी त्याच वाक्यात आहे. एकुलते बाळ गेले तर लोक निदान रडू देतात. इथे हातात जिवंत बाळ असते, म्हणून रडणे हा त्या बाळाचा अपमान समजला जातो, आणि हसले तर गेलेल्या बाळाला विसरल्याची बोच आईच्या स्वतःच्याच मनात लागते. एकाच तारखेला जन्म, त्याच आठवड्यात मृत्यू, आणि त्याच वेळी दुसऱ्याचे दर दोन-तीन तासांनी दूध. शोकासाठी स्वतंत्र वेळच मिळत नाही. त्यामुळे तो पुष्कळदा वर्षभराने, मूल चालू लागल्यावर, आपण सुटलो असे वाटत असताना वर येतो. अशा वेळी घरच्यांनी "आता काय झाले?" असे विचारू नये.

केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकाने १९८९ मध्ये, समाज ज्याला शोक म्हणून मान्यताच देत नाही अशा शोकाची मांडणी केली. नवजात बाळाचा मृत्यू त्यात बसतो आणि जुळ्यातल्या एकाचा तर अधिकच बसतो. लोक शोकाच्या ज्या पाच अवस्था सांगतात, त्या एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मुळात स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांविषयी मांडल्या होत्या. त्या क्रमाने येतीलच, अशी वाट कोणी पाहू नये. मला स्वतःला स्ट्रोब आणि शुट यांची १९९९ ची मांडणी जास्त उपयोगी वाटते. शोक करणारा माणूस दुःखात बुडणे आणि रोजच्या व्यवहारात गुंतणे या दोहोंमध्ये ये-जा करत असतो आणि ही ये-जा निरोगी असते, असे ते म्हणतात. जुनाजाणता यांच्या आज्या कामाला लागल्या हे खरे आहे. त्यांना परत रडायला येण्याची मुभा मात्र नव्हती.

जुनाजाणता
शेवटचे वाक्य मान्य आहे. बाकीच्यावर विचार करतो.

वाचक_पन्हाळा
थोडे विषयांतर होईल, पण कोल्हापूरचाच दाखला आहे. राजर्षी शाहू महाराजांचे धाकटे पुत्र शिवाजी १९१८ मध्ये शिकारीत झालेल्या अपघातात गेले. लग्नाला जेमतेम एक वर्ष झालेल्या सूनबाई, इंदुमतीदेवी, विधवा झाल्या. महाराजांनी त्यांना सोनतळीला ठेवून शिकवण्याची व्यवस्था केली, आणि तीही त्या काळच्या विरोधाला न जुमानता. पुत्रशोक झालेल्या बापाने मागे राहिलेल्या मुलीवर सारे लक्ष एकवटले, असे हे उदाहरण आहे. जुनाजाणता यांना कदाचित हेच म्हणायचे असावे.

सुमती_क
दाखला मोठा आहे, पण इथे तो पुरता लागू पडत नाही. राजपुत्राला सगळे संस्थान ओळखत होते. माझ्या मुलीला या जगात ओळखणारी माणसे म्हणजे मी, तिचे वडील आणि रात्रपाळीची एक परिचारिका. तिच्याविषयी कोणाशी बोलायचे म्हटले तर आधी ती होती हे पटवून द्यावे लागते. म्हणूनच मी आत्याबाईंना सांगेन की मुलाचे नाव ठरले असेल, तर ते घ्यावे. नाव असले की वाक्य तरी करता येते.

झरीना_आपा
आमच्याकडची पद्धत सांगते, कोणाला उपयोग झाला तर. जन्मल्यावर ज्या बाळाने श्वास घेतला, मग तो एका घटकेपुरता का असेना, त्याचे नाव ठेवतात, गुसल देतात, कफन घालतात आणि जनाजाची नमाज होते. माझ्या भाचीच्या जुळ्यांपैकी एक मुलगा असाच गेला. कब्रस्तानात बायका जात नाहीत, त्यामुळे भाचीला तिथे जाता आले नाही. परंतु नाव ठेवलेले असल्यामुळे दुआ मागताना तिला ते घेता येते. कोणी "किती मुले?" विचारले की ती नावेच सांगते, आकडा सांगत नाही. तेवढ्याने पुष्कळ निभावते.

कागलकर
आकडा न सांगता नावे सांगायची, ही युक्ती फार चांगली आहे. माझी बहीण प्रत्येक वेळी "एक" म्हणते आणि मग दिवसभर बेचैन असते. तिला सांगतो.

शास्त्री_गंगावेस
धर्मशास्त्राच्या अंगाने कोणी अडवू नये म्हणून लिहितो. दात येण्यापूर्वी गेलेल्या बाळाला अग्नी न देता भूमीत ठेवण्याची आपल्याकडे रूढी आहे आणि मोठ्या माणसासारखी उत्तरक्रिया करत नाहीत. त्यावरून पुष्कळांचा समज असा होतो की नाव घेणेही निषिद्ध असावे. तसा निषेध माझ्या वाचनात नाही. बारशाच्या मुहूर्तावर दोन्ही नावे उच्चारायची की मुलाचे नाव आदल्या दिवशी घरातल्या चौघांत देवासमोर घ्यायचे, हा शास्त्राचा प्रश्न नसून सोसण्याचा आहे. मला दुसरा मार्ग बरा वाटतो, कारण मुलीचा दिवस मुलीचा राहतो.

उरलेली_एक
बरेच दिवस फक्त वाचत होते. आज लिहिते, कारण या चर्चेत जिच्याविषयी सगळे बोलत आहेत ती मुलगी मोठी झाल्यावर कशी असू शकते, हे मी सांगू शकते. मी जुळ्यातली उरलेली आहे आणि आता माझे वय चाळिशीच्या पुढे आहे. माझा भाऊ जन्मताच गेला. घरात हे मला कोणी सांगितले नाही. माझ्या लग्नात हळदीच्या वेळी शेजारच्या एक आजी डोळे पुसत म्हणाल्या, "आज दोघांना हळद लागली असती." अंगावर ओली हळद असताना मला हे कळले.

त्यानंतर पुष्कळ गोष्टींचा उलगडा झाला. माझ्या वाढदिवसाला आई सकाळी नवे कपडे घालायची, दुपारी डोके दुखते म्हणून झोपायची. मला लहानपणी वाटायचे की माझ्या वाढदिवसाचा तिला कंटाळा येतो. म्हणून माझे पहिले म्हणणे असे की मुलीला सुरुवातीपासून सांगा, इतके सुरुवातीपासून की आपल्याला हे पहिल्यांदा कधी कळले, ते तिला आठवू नये.

दुसरे म्हणणे शास्त्रीबुवांच्या बाजूचे आहे आणि सुमतीताईंना कदाचित आवडणार नाही. भावाचे नाव जरूर ठेवा, पण ते तिच्या नावाला जोडू नका, तिच्या पाळण्यावर दुसरे नाव कोरू नका आणि "तू आता दोघांचे कर्तव्य करायचेस" हे वाक्य तर कधीच बोलू नका. दोन माणसांचे आयुष्य जगण्याची जबाबदारी मला कोणी उघडपणे दिली नव्हती, तरीही मी ती कितीतरी वर्षे वाहत होते. पहिला क्रमांक आला तरी घरात पुरेसा आनंद होत नाही, असे मला वाटत राहायचे.

सुमती_क
आवडले नाही असे नाही. माझ्या नववीतल्या मुलीला मी आजवर हे विचारलेले नाही, ते आता विचारावे लागेल असे वाटले.

बिंदू_चौक
आमच्या ओळखीच्या एका जोडप्याने गेलेल्या बाळाच्या नावाने झाड लावले आहे. तसे काही करता येईल.

शेंडापार्क
झाडाविषयी सावध राहा. आम्ही आंब्याचे रोप लावले होते आणि ते उन्हाळ्यात वाळले. पत्नीची त्या आठवड्यात जी अवस्था झाली, ती मी पुन्हा पाहू इच्छित नाही. पाणी घालायला मी जात होतो, त्यामुळे माझी अवस्था विचारूच नका. जे मरू शकते ते स्मारक म्हणून घेऊ नये, असे आता मी सर्वांना सांगतो. आमच्याकडे पायांचे ठसे आहेत, एका परिचारिकेने आपण होऊन घेऊन दिलेले. ते कपाटात आहेत. वर्ष-दोन वर्षांत एकदा पाहतो. तेवढे पुरते.

पेठकर
झाड लावायचेच असेल तर वड लावा, तो आपल्या सगळ्यांना पुरून उरेल. फक्त महापालिकेला रस्ता रुंद करायची लहर येऊ नये.

मीरा_समुपदेशन
ठशांवरून एक गोष्ट लिहायची राहिली. आईने गेलेले बाळ पाहिले होते का? आपल्याकडे "तिला सोसायचे नाही" म्हणून बहुधा पुरुष मंडळी परस्पर घेऊन जातात. या बाबतीत अभ्यासकांचेही एकमत नाही. २००२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या एका ब्रिटिश अभ्यासात मृत जन्मलेल्या बाळाला कुशीत घेतलेल्या मातांमध्ये पुढे नैराश्य अधिक आढळले होते. तो अभ्यास लहान होता. नंतरच्या कामांत बाळाला पाहिल्याचा पश्चात्ताप झालेल्या माता थोड्याच दिसतात. यातून मी एवढेच घेते की आग्रह कोणत्याच बाजूने करू नये, पण विचारल्याशिवाय परस्पर निर्णयही घेऊ नये. वहिनींनी पाहिले नसेल आणि भावाने पाहिले असेल, तर त्यांच्या मौनाचे एक कारण तिथे असू शकते. एकाकडे चेहरा आहे आणि दुसरीकडे नाही.

फौंड्रीवाला
मीराताई, आमच्या घरी हेच झाले होते. पत्नीने फार उशिरा विचारले, "नाक कोणासारखे होते?" मी सांगितले. त्यानंतर आम्ही बोलू लागलो.

बाळंतघरची_मावशी
कोणी दुधाविषयी लिहिले नाही, म्हणून लिहिते. मी परिचारिका म्हणून नोकरी केली आहे, आता निवृत्त आहे. दोन बाळांसाठी दूध काढणाऱ्या आईचे दूध, एक बाळ गेले म्हणून दुसऱ्या दिवशी निम्मे होत नाही. छाती भरून येते, दगडासारखी होते, आणि ते जास्तीचे दूध पाहून आई जितकी कोसळते तितकी इतर कशानेही कोसळत नाही. अशा वेळी कापड आवळून बांधण्याचा सल्ला आज्या देतात. तो ऐकू नये, गाठी होतात आणि ताप चढतो. दूध काढण्याची वेळ आणि प्रमाण हळूहळू कमी करत न्यावे, ते डॉक्टरांना विचारून. काही आया उरलेले दूध दान करतात. मुंबईला शीवच्या रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मानवी दूधपेढी सुरू केली आणि आज राज्यात इतरही ठिकाणी अशा पेढ्या आहेत. दान करणे हा काही आयांना मोठा आधार वाटतो. काहींना ते अजिबात करवत नाही, आणि त्यांना कोणी परोपकाराचे व्याख्यान देऊ नये.

अतिदक्षता विभागाच्या कर्मचाऱ्यांविषयीही एक सांगते. पाळी बदलली की नव्या परिचारिकेला ठाऊक नसते आणि ती सहज विचारते, "दुसरे कुठे आहे?" किंवा शेजारच्या खाटेवरची जुळ्यांची आई दमून म्हणते, "तुम्ही सुटलात, एकच आहे." इंग्लंडमध्ये अशाच एका आईने, तिची एक मुलगी गेल्यावर, २०१६ मध्ये जांभळ्या फुलपाखराचे चित्र पेटीवर लावण्याची प्रथा सुरू केली. ते चित्र दिसले की हे बाळ जुळ्यातले होते, हे न विचारता समजते. आपल्याकडे एवढ्याशा चित्राला खर्च तो काय येणार आहे? मी नोकरीत असते तर लावले असते.

कसबा बावडा
रजेचे नियम कोणाला माहीत आहेत का? भाऊ कामावर लगेच गेला का, असे विचारायचे होते.

टपाल_कर्मचारी
केंद्र सरकारी महिला कर्मचाऱ्यांसाठी सप्टेंबर २०२२ मध्ये आदेश निघाला. बाळ मृत जन्मले किंवा जन्मानंतर २८ दिवसांच्या आत गेले, तर ६० दिवसांची विशेष प्रसूती रजा मिळते, त्याला काही अटी आहेत. जुळ्यांपैकी एक हयात असेल, तर आईची नेहमीची प्रसूती रजा चालूच राहते. बापासाठी केंद्र सरकारात १५ दिवस आहेत. खासगी कारखान्यात बापाला कायद्याने काहीच मिळत नाही, मालकाच्या मर्जीवर सारे असते. फौंड्रीवाला यांनी भट्टीविषयी जे लिहिले आहे, त्याचे मूळ इथेही आहे.

राजारामपुरीची आत्या
सर्वांचे लिखाण वाचून मगच गडहिंग्लजला गेले, म्हणून उत्तराला उशीर झाला. भावाला आधी एकट्याला घेऊन बाहेर पडले. रंकाळा काही तिथे नाही, पण नदीपर्यंत चालत गेलो. बाळाला त्याने पाहिले होते, वहिनीने पाहिलेले नाही, हे मला आताच कळले. त्याच्याकडे मोबाइलमध्ये एक छायाचित्र आहे आणि ते पुसून टाकावे की वहिनीला दाखवावे, या विवंचनेत तो इतके आठवडे होता. मी त्याला फक्त सांगितले की पुसू नकोस, आणि दाखवायचे का, ते तिलाच विचार. त्याने विचारले. ती म्हणाली, "आज नको, पण ठेव."

मग वहिनीला, सुमतीताईंनी लिहिल्याप्रमाणे, एकेक विधी विचारला. वरवंटा नको. पंगत नको. घुगऱ्या चालतील. मुलीचे नाव मी कानात सांगायचे, मुलाचे नाव आदल्या संध्याकाळी घरात घ्यायचे, आणि ते मी नव्हे तर ती स्वतः घेणार आहे. माझा मान गेला, याचे मला वाईट वाटले आणि लगेच वाईट वाटल्याचे वाईट वाटले. आई अजून नाराज आहे. थाट नाही म्हणजे लोकांना वाटेल मुलगी झाली म्हणून केला नाही, असे तिचे म्हणणे आहे, आणि तेही अगदीच खोटे म्हणता येत नाही. यावर मला उत्तर सुचलेले नाही.

जुनाजाणता
आपल्या मातोश्रींना सांगावे की पहिल्या वाढदिवसाला हवा तेवढा थाट करता येईल. आमच्या वयाच्या माणसांना काहीतरी करायला लागते, नुसते बसवत नाही. पाळण्याच्या फुलांची जबाबदारी त्यांच्याकडे द्या.

उरलेली_एक
पहिल्या वाढदिवसाचा थाट दुपारपर्यंतच ठेवा. संध्याकाळ वहिनींना मोकळी ठेवा.

मीरा_समुपदेशन
वहिनींची झोप बाळ झोपले असतानाही लागत नसेल, भूक मेली असेल, बाळाला हात लावावासा वाटत नसेल किंवा जगणे नकोसे झाल्याचे त्या बोलल्या, तर बारशाची वाट न पाहता डॉक्टरांना भेटा. टेलिमानस ही सरकारी दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. भावानेही फोन करायला हरकत नाही, ती सेवा केवळ बाळंतिणींसाठी नाही.

टपाल_कर्मचारी
नोंदणीचे काम राहिले नाही ना, ते पाहा. मुलाची जन्माची आणि मृत्यूची अशा दोन्ही नोंदी करायच्या असतात, कारण तो जिवंत जन्मला होता. मुलीच्या जन्मनोंदीत नाव एक वर्षाच्या आत विनाशुल्क घालता येते. बारसे झाले की ते काम लगेच उरकून घ्या.

बालरोगतज्ज्ञ_कोल्हापूर
नोंदणीइतकेच महत्त्वाचे एक काम आहे. आठव्या महिन्याच्या सुरुवातीला जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांच्या पडद्याची तपासणी वेळेवर झालीच पाहिजे. पहिली तपासणी जन्मानंतर महिन्याच्या आत होते आणि पडद्याची वाढ पूर्ण होईपर्यंत डॉक्टर पुन्हापुन्हा बोलावतात. दुःखाच्या घरात या फेऱ्या चुकतात, हा आमचा नेहमीचा अनुभव आहे. पुढची तारीख कोणती दिली आहे?

राजारामपुरीची आत्या
पहिली झाली आहे, ठीक आहे म्हणाले. पुढची तारीख पाहिली, तर ती नेमकी बारशासाठी काढलेल्या गुरुवारचीच निघाली. त्यामुळे बारसे पुढच्या रविवारी ढकलले आहे. आईला सांगितले की मुहूर्त डोळ्यांच्या डॉक्टरांनी काढून दिला आहे, आणि यावर मात्र तिने वाद घातला नाही.